‘नाही’ लिहिता येईल असा विषय

या वेळच्या पत्रांत एमएस्सीचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध हा विषय इतक्यांदा आला, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. एक आधीच सांगते: माझं सगळं काम सेंद्रिय रसायनातलं, फ्लास्क आणि कॉलमचं (कॉलम म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची सिलिका भरलेली नळी). त्यामुळे उदाहरणंही तिथलीच येतील. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीवाल्यांनी फ्लास्कच्या जागी आपला सेल धरावा.

प्रश्न : गाईडनी तीन विषय पुढे ठेवलेत. एक, ट्रायाझोलची नवी संयुगं बनवून त्यांची जंतुनाशक चाचणी. दोन, नेहमी पॅलेडियमवर चालणाऱ्या एका रिॲक्शनमध्ये लोखंडाचा क्षार वापरून बघणं. तीन, पूर्णपणे संगणकावरचा, डीएफटीचा (रेणूंच्या ऊर्जा गणिताने काढायची पद्धत). हातात आठ महिने. कुठला घेऊ?

तिघांनाही एकच प्रश्न विचारा: हे जमलं नाही, तर मी काय लिहीन? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तो विषय तसाच्या तसा घेऊ नका. आठ महिन्यांतले पहिले दोन वाचनात आणि रसायनं येण्याची वाट बघण्यात जातात, शेवटचे दोन लिहिण्यात. उरलेल्या चारांत नशिबावर विसंबणं मला पटत नाही.

पहिला विषय बघू. ट्रायाझोलची कडी बांधणं आज अवघड राहिलेलं नाही. तांब्याच्या उत्प्रेरकाने अझाइड आणि अल्काइन जोडण्याची पद्धत २००२ सालापासून आहे, आणि त्या कामाला २०२२ चं नोबेल मिळालं. अडचण असते ती प्रबंधाच्या बांधणीत. संयुगं तयार झाली नाहीत तर चाचणी नाही, म्हणजे सगळा डोलारा एका पायरीवर. आणि झाली तरी शेवटी वाक्य काय येतं? ‘काही संयुगांनी मध्यम क्रियाशीलता दाखवली.’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय, की आता त्यावरून डोळा घसरून पुढे जातो.

हाच विषय थोडा वळवा. वीस संयुगं बनवण्याऐवजी सहाच घ्या, पण नीट निवडून: बेंझीनच्या कड्यावर पॅरा (म्हणजे बरोबर समोरच्या) जागी एकात मेथॉक्सी, एकात मिथाइल, एकात काहीच नाही, मग क्लोरो, ट्रायफ्लुओरोमिथाइल, नायट्रो. आता प्रश्न असा: कड्यावरचा गट बदलला की रिॲक्शनचा वेग बदलतो का? हॅमेट या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली यासाठी समीकरण देऊन ठेवलंय. प्रत्येक गटाला एक सिग्मा मूल्य असतं, तो इलेक्ट्रॉन किती ओढतो किंवा ढकलतो ते सांगणारं: मेथॉक्सीचं उणे ०.२७, नायट्रोचं अधिक ०.७८. वेगांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम सिग्मासमोर मांडायचा आणि रेषेचा उतार, म्हणजे ऱ्हो, वाचायचा. वेग मोजायला भारी यंत्रही लागत नाही. दोन सब्स्ट्रेट (म्हणजे तुलना करायची मूळ द्रव्यं) एकाच फ्लास्कमध्ये सारख्या मोलमध्ये, दोघांना मिळूनही पुरणार नाही इतकाच अझाइड, आणि शेवटी एनएमआरवर (रेणूतल्या हायड्रोजनांच्या सिग्नलांवरून पदार्थ ओळखायची आणि मोजायची पद्धत) दोन उत्पादनांचं प्रमाण. तेच सापेक्ष वेगाचं प्रमाण, फक्त अझाइड फारच कमी ठेवा म्हणजे गणित सरळ राहतं.

उतार धन आला तर रिॲक्शनच्या निर्णायक टप्प्यावर ऋणभार साचतोय, ऋण आला तर उलट. शून्याजवळ आला तर त्या टप्प्याला कड्याचा पत्ताच नाही. रेषा मध्येच वाकली तर बहुधा मार्गच बदलतोय. कोरं पान उरेल असा निकाल यात संभवतच नाही. जंतुनाशक चाचणी शेवटी जोडप्रकरण म्हणून येऊ द्या, ती प्रबंधाचा कणा नको.

दुसरा विषय मला सगळ्यात आवडला, आणि फसवाही तोच आहे. लोखंडाने रिॲक्शन झाली, असं दिसेल. ती लोखंडानेच झाली कशावरून? २००३ साली एका गटाने धातूविना सुझुकी जोडणी (एरवी पॅलेडियमवर चालणारी, कार्बनला कार्बन जोडणारी) होते असं प्रसिद्ध केलं. पुढे त्याच गटाने २००५ मध्ये दाखवलं, की बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग इतकं पॅलेडियम होतं आणि काम तेच करत होतं. स्वतःचाच निष्कर्ष असा तपासून जाहीर केला, याचा मला आदर वाटतो. लोखंडाचंही तसंच. २००९ साली बुखवाल्ड आणि बोल्म यांनी दाखवलं, की फेरिक क्लोराइड या लोखंडाच्या क्षाराच्या नावावर जमा असलेल्या काही रिॲक्शन्स त्यातल्या तांब्याच्या अंशावर चालत होत्या.

म्हणून हा विषय घेतलात, तर पहिल्याच आठवड्यात ब्लँक, म्हणजे तुलनेचे प्रयोग, लावा. लोखंड न घालता एक. शक्य तितक्या शुद्ध लोखंडी क्षाराने एक. साध्या क्षारात मुद्दाम लाखात काही भाग तांबं घालून एक. आणि हे सगळं नव्या फ्लास्कमध्ये, नव्या स्टरर-बारने, कारण जुन्या बारच्या टेफ्लॉनवरच्या ओरखड्यांत आधीच्याचं पॅलेडियम दडून बसलेलं असतं. ‘लोखंड काही करत नाही, करतं ते तांबं’ असा निकाल आला तर तो उत्तम प्रबंध झाला. गाईडना कदाचित तितका आवडणार नाही.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. संगणक कधी ‘नाही’ म्हणत नाही, काहीतरी आकडा देतोच, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. प्रयोगातून मोजलेला एखादा ऊर्जा-अडथळा आधी तुमच्या पद्धतीने काढून बघा, जुळला तरच पुढे जा. संक्रमण-अवस्था म्हणून जी रचना दाखवाल, तिच्या कंपनांच्या गणितात काल्पनिक वारंवारता एकच हवी. दोन आल्या तर ती संक्रमण-अवस्था नव्हे.

माझं मत: विभागात आयसीपी-एमएससारखं सूक्ष्म धातू मोजायचं यंत्र मिळणार असेल तर दुसरा. नसेल तर पहिला, वर सांगितल्यासारखा वळवून.

प्रश्न : शोधनिबंधात यील्ड (शक्य त्यातलं किती उत्पादन हाती आलं ते) ८७ टक्के दिलंय. मला पंधराच्या वर मिळत नाही. गाईड म्हणतात, हात साफ नाही. मला वाटतं निबंधच चुकीचा आहे. कोणाचं खरं?

ते ठरवण्याआधी मला सांगा, उरलेले ८५ टक्के कुठे गेले? तुमच्या पत्रात दोन पानं तक्रार आहे, पण याबद्दल एक ओळ नाही.

कॉलम लावायच्या आधी, कच्च्या मिश्रणातच वजन करून १,३,५-ट्रायमेथॉक्सीबेंझीन घाला आणि एनएमआर काढा. त्याचे सिग्नल ६.१ आणि ३.८ पीपीएमच्या (एनएमआरच्या मोजपट्टीवरचं एकक) आसपास येतात, सहसा कोणाच्या मध्ये येत नाहीत. त्यांच्याशी तुलना करून उत्पादन किती आणि न वापरलेलं मूळ द्रव्य किती ते काढा. इथे तीन वाटा फुटतात. मूळ द्रव्य तसंच पडलं असेल, तर रिॲक्शन हळू आहे किंवा कॅटलिस्ट मेलाय. दोन्ही नाहीत, तर काहीतरी तिसरंच तयार झालंय. आणि कच्च्यात उत्पादन ८० टक्के असून कॉलमनंतर १५ उरत असेल, तर तुमची रिॲक्शन निर्दोष आहे, सिलिका तिचा घास घेतेय.

ही शेवटची शक्यता तपासायला एक सोपी युक्ती आहे आणि ती फारच थोडे विद्यार्थी वापरतात. चौकोनी टीएलसी प्लेटच्या (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीच्या) कोपऱ्यात एक ठिपका द्या, एका दिशेने चालवा, वाळवा, नव्वद अंशांत फिरवा, त्याच सॉल्व्हंटमध्ये पुन्हा चालवा. सगळं स्थिर असेल तर ठिपके कर्णावर येतात. कर्ण सोडून बाजूला ठिपका दिसला, तर तो पदार्थ प्लेटवर असतानाच मोडलाय. मग सिलिकात थोडं ट्रायएथिलअमाइन घालून बघा, नाहीतर कॉलमचा नाद सोडून स्फटिकीकरण करा.

मूळ द्रव्यच उरत असेल तर बाटल्यांकडे वळा. ब्युटिललिथियम बाटलीवरच्या आकड्यावर विश्वासून वापरू नका. डायफेनिलअसेटिक आम्ल वजन करून घ्या, टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवा आणि टायट्रेट करा, पिवळा रंग टिकला की थांबा. टीएचएफ कोरडं असल्याची खात्री कशावरून? सोडियम-बेंझोफेनोनचा निळा रंग बघून पिढ्यान्‌पिढ्या समाधान मानत आल्या, पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सिव्ह्जवर दोन दिवस ठेवलेलं टीएचएफ त्याहून कोरडं निघालं. सिव्ह्ज मात्र आधी नीट तापवून सक्रिय केलेल्या हव्यात. कुठल्यातरी कपाटातल्या उघड्या डब्यातल्या चालत नाहीत.

आता ‘निबंधच चुकीचा’ याबद्दल. असेलही. पण चुकीचा आणि अपुरा यांत फरक असतो. क्रोमियम क्लोराइडने अल्डिहाइडला व्हिनाइल आयोडाइड जोडायची रिॲक्शन एका बाटलीतल्या क्रोमियमने छान व्हायची आणि दुसरीतल्याने अजिबात नाही. १९८६ साली किशी आणि नोझाकी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधून काढलं, की चांगल्या बाटलीत निकेलची भेसळ होती आणि खरी किल्ली तीच. आज निकेल क्लोराइड मुद्दाम घालतात. आधी ज्यांनी पद्धत लिहिली ते काही खोटं बोलत नव्हते. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं बाटलीत काय आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी निबंधातलाच सब्स्ट्रेट, निबंधातल्याच प्रमाणात, पुरवणी माहितीतल्या शब्दाबरहुकूम, अगदी कोणतं द्रव्य कशात थेंबथेंब घातलं त्या क्रमानेसुद्धा. तुमचा लाडका सब्स्ट्रेट नंतर. तशाच प्रकारची रिॲक्शन ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’मध्ये असेल तर तिथली पद्धत आधी वाचा. १९२१ पासून चालत आलेल्या या मालिकेत प्रत्येक कृती छापण्याआधी संपादक मंडळातल्या कोणाच्यातरी प्रयोगशाळेत पुन्हा करून बघतात. तिथल्या तळटीपांत जे शहाणपण असतं, ते निबंधांच्या मजकुरात सापडत नाही. एवढं करूनही पंधराच टक्के येत असेल, तर नोंदी घेऊन मूळ लेखकांना सभ्य ईमेल करा. बरेच जण उत्तर देतात.

आणि त्या ‘तिसऱ्याच’ पदार्थाला फेकू नका. पेडरसन या रसायनशास्त्रज्ञाला १९६०च्या दशकात हवं होतं एक, हाती आले ०.४ टक्के यील्डचे पांढरे तंतुमय स्फटिक. ते मिथेनॉलमध्ये फारसे विरघळत नव्हते, सोडियमचा क्षार घातला की विरघळत होते. हे त्याला खटकलं, म्हणून त्याने पाठपुरावा केला. ते पहिले क्राउन ईथर (धातूच्या आयनाला कवेत घेणारे कड्यासारखे रेणू), १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले, १९८७ मध्ये नोबेल. तुमच्या फ्लास्कमध्ये नोबेल आहे असं मी म्हणत नाही. एक एनएमआर आणि एक मास स्पेक्ट्रम इतपत त्याची योग्यता आहे.

प्रश्न : माझी मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी करते. प्रबंध सुरू झाल्यापासून रात्री उशिरा येते, कपड्यांना विचित्र वास असतो. विचारलं तर ‘आई, तुला नाही कळणार’ म्हणते. काळजी करू का?

ताई, उशिराची फार नको, वासाची मात्र करा.

उशीर का होतो ते सांगते. कॉलम एकदा सुरू केला की अर्ध्यात सोडता येत नाही. रिॲक्शन उणे ७८ अंशांवर सुरू केली, तर ती संपवून शमवेपर्यंत तिथे थांबावंच लागतं. ही कारणं खरी आहेत, मुलगी टाळाटाळ करत नाही. पण रात्री प्रयोगशाळेत ती एकटी असता कामा नये. घातक द्रव्यांचं काम एकट्याने करायचं नाही, हा नियम सगळीकडचा.

वास येतोय याचा अर्थ जे काम फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या काचेच्या कपाटात) व्हायला हवं ते बाहेर, मोकळ्या टेबलावर होतंय, किंवा हूड नीट ओढत नाही. तुम्हाला रसायन कळायची गरज नाही. तिला एवढंच विचारा: हूडची काच किती खाली असते, आणि हातमोजे कशाचे आहेत? डायक्लोरोमिथेन नायट्राइलच्या पातळ हातमोज्यातून मिनिटा-दोन मिनिटांत आरपार जातं. हात मोज्यात आहे म्हणून सुरक्षित आहे, हा समज माझ्या लेखी सगळ्यात धोकादायक. कॅरन वेटरहान या नामवंत संशोधिका होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये हूडमध्ये, हातमोजे घालून काम करताना डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब लॅटेक्सच्या मोज्यावर पडले. ते द्रव्य लॅटेक्समधून काही सेकंदांत पार होतं, हे नंतरच्या चाचण्यांत कळलं. जून १९९७ मध्ये त्या गेल्या.

घाबरवायला लिहीत नाही, तुमची मुलगी बहुधा असलं काही हाताळत नसेल. पण तिला हा परिच्छेद वाचायला द्या. सोबत माझा एक निरोप: सोडियम अझाइडच्या रिॲक्शनच्या कामात डायक्लोरोमिथेन कुठेही, अगदी निष्कर्षणातही, वापरायचं नाही. त्यातून डायअझिडोमिथेन बनतं आणि ते फुटतं. आणि ईथरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख नसेल, तर ती बाटली तिची नाही. लॅबचा कोट लॅबमध्येच ठेवायचा, हे मात्र तुम्हीच सांगा. आईचं ऐकतात.

प्रश्न : एनएमआरमध्ये १.२६, २.०५ आणि ४.१२ पीपीएमला छोटे सिग्नल येतात. सॉफ्टवेअरमध्ये ते पुसता येतात असं सीनियर म्हणाला. पुसू का?

नाही. ते इथिल असिटेट आहे, तुमच्या कॉलममधलं. क्लोरोफॉर्ममध्ये त्याचे सिग्नल नेमके याच जागी येतात, आणि कुठल्याही परीक्षकाला ते पाठ असतात. उरलेल्या सॉल्व्हंटची लाज वाटायचं कारण नाही. पुसलेल्या जागेची पार्श्वरेषा मात्र इतकी सपाट दिसते, की तिथे बोट ठेवून विचारलं जाणारच. सॉल्व्हंटांच्या अशा सिग्नलांचा तक्ता १९९७ साली प्रसिद्ध झालाय, टेबलासमोर चिकटवून ठेवा. १.५६ला पाणी, ५.३०ला डायक्लोरोमिथेन, १.२६ आणि ०.८६ला नळीच्या तोटीचं ग्रीस.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं यील्ड चुकतंय. समजा संयुगाचा रेणुभार २५० आहे आणि इंटिग्रेशनवरून (सिग्नलांच्या क्षेत्रफळांवरून) दर मोलमागे ०.२ मोल इथिल असिटेट आहे. इथिल असिटेटचा रेणुभार ८८, म्हणजे २५० ग्रॅमसोबत १७.६ ग्रॅम. वजनातला जवळजवळ ६.६ टक्के भाग सॉल्व्हंट. तुम्ही ९२ टक्के लिहिलं असेल तर खरं ८६. फ्लास्क व्हॅक्यूम पंपावर रात्रभर ठेवा, पुन्हा वजन करा, पुन्हा एनएमआर काढा.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातला साहित्य-आढावा जवळपास तसाच घेतला तर? विषय तोच आहे.

चोरी. पुढचा प्रश्न.

प्रश्न : जमा करायला तीन आठवडे उरलेत. एक ओळ लिहिलेली नाही. निम्मे प्रयोग फसलेले. कुठून सुरुवात करू? आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) काय तोंड दाखवू?

प्रस्तावनेपासून करू नका. बहुतेक जण तिथेच बसतात आणि पहिला आठवडा ‘रसायनशास्त्राचे मानवी जीवनातील स्थान’ यात घालवतात. प्रायोगिक भाग आधी लिहा. त्याला प्रतिभा लागत नाही, फक्त प्रयोगवही लागते: किती मिलिग्रॅम, किती मिलिमोल, कुठल्या तापमानाला, किती वेळ, कसं शुद्ध केलं, एनएमआरचे आकडे, मास. नव्या संयुगाचा अचूक वस्तुमान-आकडा गणिताच्या ५ पीपीएमच्या (इथे दशलक्षात पाच भागांच्या) आत हवा, मूलद्रव्य-विश्लेषण केलं असेल तर ०.४ टक्क्याच्या आत. जिथे आकडा सापडत नाही तिथे आत्ताच कळेल, आणि तो प्रयोग पुन्हा करायला अजून वेळ आहे.

मग निकाल. इथे तारखेप्रमाणे गोष्ट सांगू नका. ‘मग मी टोल्यूइन वापरलं, मग डायॉक्सेन’ यात वाचणाऱ्याला रस नसतो. सगळ्या परिस्थितींचा एक तक्ता करा: सॉल्व्हंट, बेस, तापमान, वेळ, यील्ड. फसलेले प्रयोगही त्याच तक्त्यात, ‘उत्पादन नाही, मूळ द्रव्य ९५ टक्के परत’ असं लिहून. हे ‘मूळ द्रव्य परत’ फार मोलाचं असतं. त्यावरून कळतं की रिॲक्शन झालीच नाही, होऊन बिघडली असं नाही. नुसतं ‘यशस्वी झालं नाही’ लिहिलंत, तर काम करून न केल्यासारखं दिसतं. तक्त्यानंतर प्रत्येक ‘नाही’मागे तुम्हाला काय कारण वाटतं ते दोन वाक्यांत, आणि ते कारण कुठल्या प्रयोगाने तपासता येईल ते एका वाक्यात. प्रस्तावना शेवटच्या चार दिवसांत, कारण तोवर तुमचा प्रबंध कशाबद्दल आहे ते तुम्हाला कळलेलं असेल.

व्हायवाची भीती वाटणारे मला नेहमी अर्‍हेनियसचा दाखला देतात: १८८४ साली उप्साला विद्यापीठाने या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाच्या प्रबंधाला खालची श्रेणी दिली आणि १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. गोष्ट खरी आहे, पण त्याचा आधार घेऊ नका. अर्‍हेनियसपाशी विद्युतवाहकतेची भरभक्कम मोजमापं होती. तुमच्यापाशी तितकी नसतील, तर निदान आहेत ती चोख असू द्या.

परीक्षक बहुतेकदा साधंच विचारतात. हाच सॉल्व्हंट का? बेस दोन इक्विव्हॅलंट का, एक का नाही? ब्लँक लावला होता का? ‘निबंधात तसं होतं’ हे उत्तर एकदा चालतं, दुसऱ्यांदा नाही. हे प्रश्न आत्ताच तक्त्याच्या प्रत्येक रकान्याला विचारून ठेवा. आणि प्रयोगवही सोबत न्या, महत्त्वाच्या पानांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून. लॅपटॉपवर फाईल शोधत बसलात, तर तेवढ्या वेळात परीक्षकांना आणखी एक प्रश्न सुचतो.